चंचलपणा हा गुण, की आजार? आणि गोळीचे काय?

सकाळचे साडेसहा. डोंबिवलीतल्या कोणत्याही इमारतीत या वेळी कुकरच्या शिट्ट्या होत असतात. बाबांना लोकल गाठायची असते, आईला त्यामागची, आणि खाली शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत असते. अशा घाईत आठ-नऊ वर्षांचा मुलगा एका पायात मोजा घालून खिडकीशी उभा असतो. दुसरा मोजा हातात असतो. पण समोरच्या गच्चीवर कबुतर बसलेले दिसले आणि मोजा राहून गेला. चौथ्या हाकेला तो 'हो' म्हणतो, पाचव्या हाकेला आईचा आवाज चढतो. डबा ओट्यावरच राहतो. संध्याकाळी वहीत लाल शाईचा शेरा असतो : 'वर्गात जागेवर बसत नाही. अभ्यास अपूर्ण.'

हाच मुलगा गणपतीच्या आरासीसाठी दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवायला दोन तास मांडी ठोकून बसतो. मग याचे लक्ष लागत नाही, असे म्हणायचे तरी कसे? घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, "याचे बाबाही असेच होते. काही बिघडले का त्यांचे?" आई म्हणते, "एकदा डॉक्टरांना दाखवून तर घेऊ." तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येतो : एडीएचडी हा आजार नाही, ती देणगी आहे. पाठोपाठ दुसरा येतो : गोळ्या देऊन मुलांचे बालपण मारू नका. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात असे एकही घर ओळखीचे नाही, असे म्हणणारे कमीच सापडतील.

दोन्ही व्हिडिओंत थोडे थोडे तथ्य आहे. पण त्यावर विसंबून निर्णय घेतला, तर मुलाच्या शाळेची दोन-तीन वर्षे हातची जाऊ शकतात. म्हणून या वादात विज्ञान काय सांगते, हे नीट पाहायला हवे.

नेमके काय असते?

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत आपण ढोबळपणे 'अतिचंचलता' म्हणतो. लक्ष न टिकणे, सतत हालचाल आणि उतावीळपणा ही त्याची तीन मुख्य लक्षणे. जगभरातील पाहण्यांनुसार शाळकरी मुलांत हे प्रमाण साधारण पाच टक्के आहे. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असणार.

इंग्रजी नाव थोडे फसवे आहे. या मुलांकडे लक्ष कमी नसते; ते हवे तिथे वळवणे आणि नको तिथून काढून घेणे त्यांना अवघड जाते. म्हणून दिव्यांच्या माळेत दोन तास जातात आणि पाढ्यांत दोन मिनिटेही जात नाहीत. 'मनात आणले तर करतो, म्हणजे मुद्दामच करत नाही' हा पालकांचा आणि शिक्षकांचा निष्कर्ष इथेच चुकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2007 मध्ये 223 एडीएचडी असलेल्या आणि 223 नसलेल्या मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाढीच्या काळात मेंदूच्या बाह्य थराची जाडी वाढत जाते, कमाल गाठते आणि मग कमी होऊ लागते. इतर मुलांत हा टप्पा सरासरी साडेसातव्या वर्षी येत होता. एडीएचडी असलेल्या मुलांत तो साडेदहाव्या वर्षी आला. वाढीचा क्रम तोच होता, वेळापत्रक मागे पडले होते. हा उशीर सर्वात जास्त होता तो कपाळामागच्या भागात. थांबणे, विचार करणे, बेत आखणे ही कामे हाच भाग पाहतो.

आजीचे निरीक्षणही खोटे नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एडीएचडीमधील आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के मानला जातो. मुलाच्या तपासणीसाठी आलेल्या बाबांना डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता स्वतःचे बालपण आठवते, असे अनेकदा घडते. मात्र 'बाबाही असेच होते' यावरून 'म्हणून काही करायला नको' हे सिद्ध होत नाही. बाबांनी त्यासाठी किती मार खाल्ला आणि किती गोष्टी अर्धवट सोडल्या, हेही विचारायला हवे.

निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयही नाही. लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसावी लागतात. फक्त एकाच बाईंच्या तासाला त्रास होत असेल, तर कारण वेगळे असू शकते. कानाने कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, अपुरी झोप, चिंता, घरातले ताण किंवा अध्ययन अक्षमता यांमुळेही मूल असेच वागते.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकेतील चार लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे शाळाप्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही वयाची सीमा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वात लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा 34 टक्के अधिक होते. यातली काही मुले केवळ वयाने लहान होती. मुलाला लवकर शाळेत घालण्याची हौस असलेल्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मुलींचे उलट होते. त्या वर्गात धावत सुटतीलच असे नाही. शांत बसून खिडकीबाहेर हरवलेल्या असतात. 'वेंधळी', 'स्वप्नाळू' अशी नावे मिळतात आणि निदान राहून जाते. अभिनेत्री आलिया भट्ट हिने आपल्याला एडीएचडी असल्याचे 2024 मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती.

देणगी म्हणावी का?

'देणगी'च्या बाजूने सांगितला जाणारा एक सुंदर अभ्यास केनियातला आहे. तिथल्या अरिआल जमातीतील काही लोक आजही गुरे घेऊन भटकतात, काही गावात स्थिरावले आहेत. एडीएचडीशी थोडासा संबंध आढळलेल्या एका जनुकाचे विशिष्ट रूप दोन्ही गटांतील पुरुषांत तपासले गेले. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : भटक्यांमध्ये ते रूप असलेले पुरुष इतरांपेक्षा चांगले पोसलेले होते, तर स्थिरावलेल्यांमध्ये तेच रूप असलेले पुरुष अधिक कृश होते. जनुक तेच, फायदा-तोटा मात्र जगण्याच्या पद्धतीवर ठरला. अर्थात एडीएचडीशी निगडित अनेक जनुके आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम लहान आहे. तरीही 'मूल बिघडलेले आहे की वर्ग त्याला बसत नाही?' हा प्रश्न या अभ्यासाने गंभीरपणे विचारायला लावला.

सर्जनशीलतेचेही असेच आहे. या विषयावरील 31 अभ्यासांचा आढावा 2020 मध्ये घेण्यात आला. एडीएचडीची लक्षणे बऱ्यापैकी, पण निदान होण्याइतकी नाहीत, अशा लोकांना एका प्रश्नाची अनेक वेगवेगळी उत्तरे अधिक सुचत होती. प्रत्यक्ष निदान झालेल्यांमध्ये हा फायदा दिसला नाही. म्हणजे चिमूटभर चंचलता कल्पकतेला पोषक ठरत असेल. मूठभर झाली की सुचलेले कागदावर उतरण्याआधीच निसटते. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. औषधाने कल्पकता मरते, याला पुरावा मिळाला नाही.

मग यशस्वी माणसांची उदाहरणे दिली जातात. जलतरणपटू मायकल फेल्प्स याचे निदान नवव्या वर्षी झाले. काही वर्षे त्याने औषध घेतले, पुढे ते सोडले आणि ऑलिम्पिकमध्ये 28 पदके जिंकली. 'बघा, गोळी सोडली आणि विजेता झाला' असे व्हिडिओत सांगतात. पण जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने 2016 मध्ये जाहीर केले की, ती लहानपणापासून एडीएचडीचे औषध घेत आहे. तीही ऑलिम्पिक विजेतीच. एकाने सोडले, एकीने घेतले. आपल्या घरातल्या मुलाने काय करावे, याचे उत्तर दोघांच्या पदकांत नाही. मात्र एक साम्य उपयोगी आहे : दोघांनाही लहान वयात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रशिक्षकासमोर, चुकीची दुरुस्ती लगेच मिळणारे वातावरण लाभले. अफाट ऊर्जेला काठ मिळाले.

या यशोगाथांमागे जी मुले नापास होऊन शाळेबाहेर पडली, जे तरुण अपघातात सापडले किंवा नोकऱ्या सोडत गेले, त्यांचे व्हिडिओ कुणी काढत नाही. 'देणगी' हा शब्द मुलाला उभारी देण्यासाठी वापरला तर उत्तम. उपचार टाळण्यासाठी वापरला, तर त्याची किंमत मूलच मोजते.

गोळीची कहाणी

1937 मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड इथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या 30 मुलांना आठवडाभर बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. त्यातील 14 मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा झाली. उत्तेजकाने मूल शांत व्हावे, हे डॉक्टरांनाही कोड्यात टाकणारे होते. पुढे 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. पत्नी मार्गरिट हिच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून त्याला 'रिटालिन' नाव मिळाले. आजही एडीएचडीसाठी हेच औषध मुलांमध्ये सर्वाधिक वापरले जाते.

ते गुंगी आणत नाही. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनांचे प्रमाण पेशींच्या सांध्यांत काही काळ वाढवते, त्यामुळे कंटाळवाण्या कामावरही लक्ष टिकवता येते. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास राहतो, सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा शाळेचा दिवसभर. दुष्परिणामांत भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोट किंवा डोके दुखणे आणि नाडीचे ठोके व रक्तदाब थोडा वाढणे येते. मूल गोळीनंतर गप्प-गप्प, निर्विकार दिसू लागले, तर बहुधा मात्रा जास्त होते आहे. ते निमूटपणे सोसू नये, डॉक्टरांना लगेच सांगावे. उत्तेजक न चालणाऱ्यांसाठी अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी वेगळी औषधेही आहेत. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात.

वाद नेमका कुठे आहे?

औषध काही आठवड्यांसाठी लक्षणे कमी करते, याबद्दल फारसे दुमत नाही. 2018 मध्ये 133 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला; मुलांसाठी पहिली पसंती मेथिलफेनिडेटला मिळाली. वाद सुरू होतो तो पुढच्या वर्षांबद्दल.

अमेरिकेतील सर्वात गाजलेल्या 'एमटीए' या चाचणीत 579 मुले होती. 1999 मध्ये 14 महिन्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा काटेकोरपणे औषध दिलेली मुले लक्षणांच्या बाबतीत केवळ वर्तनोपचार घेतलेल्यांपेक्षा पुढे होती. तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा गटांमधील हा फरक उरला नव्हता. दीर्घकाळ सातत्याने औषध घेतलेल्यांची मोठेपणीची सरासरी उंचीही किंचित कमी भरली. 'कॉक्रेन' या पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने तर उपलब्ध चाचण्यांच्या दर्जावरच बोट ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने 2019 आणि 2021 मध्ये मेथिलफेनिडेटला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यायचे नाकारले.

दुसऱ्या बाजूला स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदी आहेत. 25 हजारांहून अधिक रुग्णांच्या 2012 मधील अभ्यासात, औषध चालू असताना गुन्ह्यांचे प्रमाण पुरुषांत 32 टक्के आणि स्त्रियांत 41 टक्के कमी आढळले. 2024 मध्ये सुमारे दीड लाख लोकांच्या नोंदींतून, औषध सुरू केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. अपघात आणि विषबाधेसारख्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत हा फरक विशेष होता. नोंदींवर आधारलेल्या अशा अभ्यासांतून कारण ठामपणे सिद्ध होत नाही. पण 'औषध म्हणजे फक्त शाळेच्या सोयीसाठी मुलाला गप्प करणे' हा आरोपही मग टिकत नाही. 'गोळीने पुढे व्यसन लागेल' या भीतीलाही डॉक्टरांच्या देखरेखीखालील उपचारांबाबत अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही.

एवढे मात्र स्पष्ट आहे की, गोळी लक्ष देणे सोपे करते, पण कशाकडे लक्ष द्यायचे ते शिकवत नाही. ते घराला आणि शाळेलाच शिकवावे लागते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2019 चा सल्ला वयानुसार बदलतो : सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, त्यापुढे औषध आणि वर्तनोपचार दोन्ही.

आपल्या गावात, आपल्या केमिस्टकडे

भारतात मेथिलफेनिडेट 'शेड्यूल एक्स'मध्ये मोडते. ते विकायला केमिस्टकडे वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळेलच असे नाही. औषध सुरू करतानाच ते कुठे मिळते हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे आणि शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नये. परीक्षेच्या दिवसांत 'अभ्यासाची गोळी' म्हणून ते कुणाकडून मिळवणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत ठाणे नवखे नाही. इथले प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 मधले. पण 'मनोरुग्णालय' या शब्दाचीच धास्ती घेणाऱ्या घरांना दुसरा दरवाजा उघडला तो डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' म्हणजे आयपीएच या संस्थेने. समुपदेशन ही लपवण्याची गोष्ट नाही, हे या शहराच्या अंगवळणी पडण्यात तिचा मोठा वाटा आहे. संस्थेच्या 'वेध' या उपक्रमात निरनिराळ्या वाटांनी गेलेली माणसे विद्यार्थ्यांसमोर येऊन बोलतात. सर्वांना एकाच साच्यात बसवायचे नसते, हे मुलांपेक्षा पालकांनाच तिथे जास्त कळत असेल.

सरकारी वाटही याच जिल्ह्यातून निघाली. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमधील मुलांच्या तपासणीसाठी त्यात जी 30 व्यंगे व आजार ठरवले आहेत, त्यांत एडीएचडीचा समावेश आहे. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात. म्हणून वाचन-लेखन-गणिताची चाचणीही करून घ्यावी. परीक्षेतील सवलतींचा मार्ग तिथून निघू शकतो.

घरात आणि वर्गात

गोळी द्या किंवा देऊ नका, पुढच्या गोष्टी दोन्ही वेळी लागतातच. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. सकाळच्या कामांचा क्रम चित्रांसह भिंतीवर. अभ्यासाचे पंधरा मिनिटांचे तुकडे. चांगल्या वागण्याची दखल त्याच क्षणी. 'वार्षिक परीक्षेनंतर सायकल' हे बक्षीस या मुलांसाठी फार लांब असते. वर्गात खिडकीपासून दूर, शिक्षकांजवळची जागा. वह्या वाटणे, फळा पुसणे अशी हालचालीची कामे यांनाच द्यावीत. आणि शिक्षा म्हणून खेळाचा तास काढून घेऊ नये. यांना तोच सर्वात जास्त हवा असतो.

अमेरिकेतील इलिनॉयमध्ये 2009 मध्ये 17 मुलांवर झालेल्या एका लहानशा अभ्यासात, बागेत वीस मिनिटे चालल्यावर एडीएचडी असलेल्या मुलांची एकाग्रता शहरी रस्त्यावर चालल्यानंतरच्या तुलनेत चांगली आढळली. ठाणेकरांना उपवन आणि येऊर आहे, डोंबिवलीकरांना सावळाराम महाराज क्रीडा संकुल. शाळा, त्यावर क्लास आणि मग गृहपाठ अशा दिवसात वीस मिनिटे काढणे कठीण आहे खरे. पण एखादा क्लास कमी करून ती काढली, तर नुकसान होणार नाही.

डॉक्टरांना हे विचारा

- निदान करताना शाळेकडून माहिती घेतली का? डोळे, कान, झोप आणि अध्ययन अक्षमता तपासली का?
- औषधाने नेमकी कोणती अडचण कमी व्हायला हवी? ती किती आठवड्यांत दिसेल?
- वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब किती दिवसांनी पाहायचे? घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर काय करायचे?
- औषधाची गरज अजून आहे का, हे पुन्हा केव्हा तपासायचे?
- औषधाबरोबर पालकांसाठी कोणते प्रशिक्षण आहे?

सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक दिवस-रात्र मोफत उपलब्ध आहे.

आजी आणि आई, दोघींचेही ऐकायला हवे. आजीला मुलातला माणूस दिसतो, आईला त्याची रोजची दमछाक. तपासणीला जाताना आईने शाळेच्या वह्या न्याव्यात आणि आजीने दिव्यांच्या माळेची गोष्ट सांगावी. डॉक्टरांना दोन्ही लागते.